वरून दिसणारा चेहरा

इरा घसरगुंडीच्या शेवटच्या पायरीवर पोचली आणि थांबली. दांड्याला घट्ट धरून तिनं खाली आईकडे पाहिलं. मग नेहमीसारखीच एकेक पायरी चाचपत परत उतरली.

"मला नको," जवळ येऊन ती म्हणाली.

सुमतीनं तिचे विस्कटलेले केस मागे सारले. सकाळीच बालवाडीच्या बाई सांगत होत्या, की इरा तिथल्या घसरगुंडीवरून हटत नाही, पालथी पडूनसुद्धा घसरते. सुमतीला वाटलं होतं, बाई दुसऱ्याच कुठल्या मुलीबद्दल बोलताहेत.

नव्यानं वसलेल्या खांदा कॉलनीत राहायला येऊन त्यांना वर्ष होत आलं होतं. निम्म्या इमारती अजून रिकाम्याच होत्या. नवरा, उदयसिंह, कारखान्यात पाळीवर. घरात फोन नाही, शेजार नाही. पोरीला काही झालं तर हाक कुणाला मारायची, हे सुमतीच्या डोक्यातून जात नसे. बागेत यायला चपला घालतानाही ती दाराशी घुटमळायची.

"परत जा. मी आहे ना इथं," ती म्हणाली आणि हसली.

इरा चढली, वर थांबली, वळली. या वेळी सुमतीनं नीट पाहिलं. पोरगी घसरगुंडीकडे बघतच नव्हती. खालच्या वाळूकडेही नाही. ती आईचं तोंड बघत होती.

गालांवर ताणून धरलेलं हसू सुमतीला स्वतःलाच जाणवलं. तिला तिची आई आठवली. भरतीच्या वेळी लहानगी सुमती पाण्याकडे गेली, की ती खाडीच्या बांधावर उभी राहायची. ओरडली कधीच नाही, नुसती बघत राहायची. सुमती तिशीला आली, पण अजून गुडघ्याच्या वर पाण्यात शिरली नव्हती.

इरानं उतरायला पाय मागे टाकला.

सुमतीनं तिच्याकडे पाठ केली. कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून ती रस्त्याकडे बघत राहिली. रस्त्यावर काय होतं, ते तिला दिसत नव्हतं. मागे बराच वेळ काहीच वाजलं नाही. मग पत्रा खरखरला, वाळूत धप्पकन आवाज झाला आणि पुन्हा सगळं गप्प झालं. जाळी तिच्या बोटांत रुतली.

"आई, मी घसरले," मागून इराचा आवाज आला. "बघ ना माझ्याकडे."

सुमती लगेच वळली नाही. तिनं दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं. मग पुन्हा एकदा पुसलं.