तिसऱ्या फेरीतला बिघाड

"काल तिसऱ्या फेरीत बंद पडला," हेमराज म्हणाला. "माझा पहिला नंबर चालू होता."

वाल्मिकनं हेल्मेट काढलं आणि पाणीसुद्धा न पिता थेट टेबलाशी गेला. हजीऱ्याहून शहराच्या दुसऱ्या टोकाला डिंडोलीपर्यंत मोटारसायकल हाणत आलेला माणूस, पण बापाचा कॉम्प्युटर आधी. सलग पाचवा रविवार होता.

"आणि नुसता चालू ठेवला तर, नाना?"

"नुसता दिवसभर चालतो. गेम लावली की ठप्प."

वाल्मिकनं सीपीयूचा डबा उघडला. पहिल्या रविवारी त्यानं पंख्यातली धूळ काढली होती. दुसऱ्या रविवारी मेमरीची पट्टी खोडरबरानं पुसली. तिसऱ्याला प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, चौथ्याला नवा पॉवर सप्लाय आणून बसवला. दर वेळी तो आधी सगळ्या वायरी काढायचा, काम झालं की घट्ट लावायचा, आणि मशीन गुमान चालायला लागायचं. मग बापलेक आळीपाळीनं मोटारसायकलची शर्यत खेळायचे, खिचडी खायचे, आणि दिवस कलला की वाल्मिक निघायचा. पुढच्या शनिवारी पुन्हा बापाचा फोन. बंद पडला.

बिघाड सापडणार कुठून? बिघाड मागे खाटेवर बसून सुपारी कातरत होता.

चाळीस वर्षं हेमराजनं कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात फिटरकी केली होती. दर शनिवारी तो डब्यामागची विजेची वायर जराशी ओढून ठेवायचा. पुरती नाही, पाऊण सूत. दिसायला वायर जागेवर. पण खेळाच्या भरात कीबोर्ड बडवला, टेबल हललं, की वीज तुटलीच. किती ढिली ठेवायची ते त्याच्या बोटांना बरोबर कळत होतं.

ही अक्कलही कारखान्यातलीच. पूर्वी आपल्याच मुलखातला, पारोळ्याकडचा एखादा कारागीर मुद्दाम लूमचा पट्टा सैल करायचा आणि हाक मारायचा, "हेमराजभाऊ, मशीन थांबलं." हेमराज जायचा, पाना फिरवल्यासारखं करायचा, आणि तेवढ्यात दोघं दहा मिनिटं गावाकडच्या गप्पा मारून घ्यायचे. खरं काय ते हेमराजला कळायचं. शेठला मात्र त्यानं कधी सांगितलं नाही.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, लेकाला सरळ 'ये' म्हणावं. पण 'मला करमत नाही, ये' हे त्याच्या जिभेला कधी वळलंच नव्हतं. ते काम त्याच्या बायकोचं, शोभाबाईचं. ती होती तोवर घर कसं भरल्यासारखं वाटायचं. ती गेली आणि दोन वर्षांत लेकाचं येणं दिवाळी आणि आखाजी अशा दोन सणांवर आलं.

हा कॉम्प्युटर वाल्मिकनं विशीत घेतला होता, खास गेमसाठी. तेव्हा बारा तासांची पाळी करून आलेला हेमराज तो धुमधडाका ऐकला की भडकायचा आणि ऐन रंगात प्लग उपटायचा. पोरगं ताट लोटून झोपायचं. शोभाबाई दोघांच्या मधे उभी राहून म्हणायची, "एक लूमशी बोलस, एक कॉम्प्युटरशी. मी कोनशी बोलू?" खंडेनवमीला मात्र नवऱ्याच्या पान्यांना हळदकुंकू वाहून झालं की एक बोट त्या डब्यालाही लावायची. हेमराजला आता ते भांडणसुद्धा हवंसं वाटायचं. फार वाटायचं.

बुधवारी सुनेचा फोन आला.

"नाना, एक बोलू का? रागावू नका," सुषमा म्हणाली. "ह्यांना आठवड्यातून एकच सुट्टी. तीही त्या कॉम्प्युटरपायी जाते. पोरगी विचारते, पप्पा कुठे. मशीन कामातूनच गेलं असेल तर भंगारात देऊन टाका ना."

तिच्या बोलण्यात तिखटपणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. आपण लेकाचा रविवार चोरतोय, नातीच्या हातातून काढून घेतोय, हे हेमराजला पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी दिसलं. कान धरावा तर स्वतःचाच.

शनिवारी त्यानं वायर घट्ट खोचली, वरून अंगठ्यानं दाबली. मग दोन तास शर्यत खेळून पाहिली, टेबल मुद्दाम हलवलं. मशीन जराही थांबलं नाही. त्यानं फोनही केला नाही.

संध्याकाळी वाल्मिकचाच आला.

"काय म्हणतो कॉम्प्युटर?"

"एकदम झकास. आता काही बघायला नको. तू घरी थांब, पोरीला फिरवून आण."

"तरी येतो नाना. एकदा नीट तपासून घेतो. मग सुटलो."

मग सुटलो. हेमराजनं फोन ठेवला. ठीक आहे, त्यानं मनाला समजावलं. एकदाचं डोळ्यांनी बघू दे, म्हणजे पोरगं मोकळं झालं.

रविवारी वाल्मिक आला. डबा न उघडताच त्यानं गेम लावली. हेमराज चहा टाकायला आत गेला. गॅसपाशी उभा राहून तो कान देत होता. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. कुठे अडखळ नाही. आपल्याच हाताचं काम इतकं चोख झालेलं त्याला आयुष्यात कधी एवढं बोचलं नव्हतं. त्यानं चहा गाळला.

दोन्ही कप घेऊन तो दारातल्या पडद्यापर्यंत आला आणि थांबला. तिसरी फेरी संपत आली होती, वाल्मिकची गाडी सगळ्यांच्या पुढे होती. वाल्मिकनं मात्र हात कीबोर्डवरून उचलले. वाकून सीपीयूचं बटण दाबलं, आणि स्क्रीन काळी होईपर्यंत दाबूनच धरलं.

"नाना," मग त्यानं स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, "परत बंद पडला बघा. पुढच्या रविवारी यावंच लागेल."