मागेल त्याला

आदिनाथचा चौथा मेल आला तेव्हा सदफने आधीचंच उत्तर उचलून चिकटवलं. ‘आपली विनंती विचाराधीन आहे.’ पाठवून दिलं आणि जेवणाचा डबा उघडला. तसाच पुन्हा लावून ठेवला.

आदिनाथ गंगापूरचा. तिथं त्याचं इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान. वडील मुंजाबा जन्मभर मेंढरांमागे हिंडले आणि आता चार पावलांत त्यांना धाप लागायची. घरी ऑक्सिजनचं मशीन होतं, सदफ ज्या वाळूजच्या कंपनीत तक्रारी पाहायची, त्या कंपनीचं. लाइट जाऊन परत आली की मशीनचा दिवा लागायचा, आकडे दिसायचे, हवा मात्र कधी यायची, कधी नाही. आणि नाही आली तरी मशीन हूं की चूं करायचं नाही. आदिनाथला ते स्वतः दुरुस्त करायचं होतं, म्हणून ते चालवणारा मूळ प्रोग्रॅम, सोर्स कोड, हवा होता. ‘मशीनच्या पुस्तकात लिहिलंय, मागेल त्याला मिळेल. मी मागतोय,’ असं तो दर वेळी लिहायचा.

त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. मशीनमधली ऑपरेटिंग सिस्टीम जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, फुकटची. घ्या, वापरा, हवी तशी बदला. अट एकच होती : ज्याला मशीन द्याल, त्याने मागितला तर बदललेला कोडही द्यायचा. हा परवाना पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरांत छापला होता, कारण छापावाच लागतो. कंपनीत तो कुणी वाचला नव्हता. मालक गोकुळशेठनी त्यातलं घेणं मनापासून पाळलं होतं. देण्याचा विषय निघाला की त्यांना मीटिंग आठवायची.

आधी लाइट जरा फडफडली की मशीन बोंबलायचं आणि गिऱ्हाइकं वैतागायची. म्हणून शेठनी हवा तपासून बझर वाजवणाऱ्या ओळीच काढायला लावल्या होत्या. कोड बाहेर गेला की ही करामत कुणालाही वाचता आली असती. मग दवाखान्यांची मोठी ऑर्डर हातची गेली असती.

“वकिलाला विचारून घेतलंय मी,” शेठ केबिनच्या दारात उभे राहून सगळ्यांना म्हणाले. “गिऱ्हाइकानं कितीबी बोंब मारू द्या. तक्रार करायचा हक्क ज्यानं मूळ कोड लिहिला त्याचा. तो बसला असंल तिकडं अमेरिकेत!”

सगळे हसले. सदफही हसली, आणि त्या हसण्याची तिला तिथल्या तिथे किळस आली.

ज्यातून त्या ओळी काढल्या, तो हवा तपासणारा भाग मूळ तिनेच लिहिला होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी, गारखेड्याच्या घरी, सहा महिने खपून. मग त्याच परवान्याखाली इंटरनेटवर टाकून तिने तो जगाला वाटला होता. कंपनीत कुणालाच हे ठाऊक नव्हतं. तिने एक शब्द काढला असता तर शेठना कोड द्यावा लागला असता. पण अब्बांचं गुलमंडीतलं कापडाचं दुकान बंद पडलं होतं, घर तिच्या पगारावर चाललं होतं आणि नोकरी अजून कच्ची होती. अम्मीला सांगितलं तेव्हा अम्मी म्हणाली, “पहले नौकरी पक्की होने दे. बाद में जो बोलना है सो बोल.”

नोकरी पक्की झाल्याचं पत्र महिनाअखेर मिळणार होतं. म्हातारा एवढी वर्षं तग धरून आहे, आणखी तीन आठवडे धरेल, असं सदफने परस्पर ठरवून टाकलं.

पाचवा मेल आला. ‘सदफताई, काल लाइट आली अन् हवा आली नाय. अण्णा काळेनिळे पडले. मी घरी व्हतो म्हणून मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. रोज मी घरी असंनच असं नाय.’

तिने तो दोनदा वाचला. तरी तिने नेहमीचंच उत्तर चिकटवलं आणि खाली एक ओळ आपल्या मनाची घातली : ‘कृपया थोडा धीर धरा.’

त्यानंतर गंगापूरहून काहीच आलं नाही. पहिले दोन दिवस तिला सुटल्यासारखं वाटलं. मग त्या गप्प बसण्याचीच भीती वाटू लागली. रोज सकाळी आल्या आल्या ती आधी मेल उघडायची, आणि तिथं काही नसायचं.

शुक्रवारी पत्र हातात पडलं. सही, शिक्का, सगळं. सदफने ते पर्समध्ये सारलं आणि त्याच मिनिटाला सगळा कोड पेनड्राइव्हवर उतरवायला घेतला. आता शेठ काहीही म्हणोत. उतरवून होतो न होतो तोच वॉचमन सांगत आला, गंगापूरचा कुणी माणूस आलाय म्हणून.

ती धावतच गेटवर गेली. आदिनाथ उभा होता. पायाशी पोत्यात बांधलेलं मशीन होतं आणि डोक्यावरचे केस नुकतेच उतरवलेले होते.

“अण्णा गेले,” तो म्हणाला. “काल दहावा झाला. मशीन परत द्यायला आलो.”

तिने पेनड्राइव्ह पुढे केला. “यात सगळं आहे. तो हवा तपासणारा भाग... तो मूळ माझाच आहे. मी लिहिलाय. मी तुम्हाला सांगणारच...”

“ठाऊक हाय की,” आदिनाथ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “पुस्तकात तुमचं पुरं नाव दोनदा हाय, ताई. पुढल्या पानावर तक्रारीला अन् मागल्या पानावर कोड लिहिणाऱ्यांत. शेठला मी कधी मागितलंच नाय. तुम्हालाच मागत व्हतो.”