तटबंदीतले नवे दगड

नदीकाठच्या जुन्या शहरात ती पहिल्यांदाच आली होती. पाथरवट मुलगा फोनवर म्हणायचा, “आई, तटबंदीची डागडुजी संपली की तुला दाखवायला आणतो.” काम संपायच्या आठवडाभर आधी तो परांचीवरून पडला आणि जागीच गेला. आज तिकीट काढून ती एकटीच पर्यटकांत उभी होती. गाईड सांगत होता, “पडलेली भिंत कारागिरांनी अशी उभारली, की नवा दगड कुठला, जुना कुठला, कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही!” सगळे हसले. ती पुढे झाली. “दादा, आईलासुद्धा नाही ओळखू येणार का? यातले काही दगड माझ्या लेकानं बसवलेत.” गाईडचं हसू मावळलं. भिंतीला हात लावायला मनाई होती. त्यानं आडवा दोर सोडला. तिनं कोपऱ्यातल्या पहिल्या दगडावर तळहात ठेवला, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. भिंत नदीच्या वळणापर्यंत गेली होती.