अंगठ्याचा वण

दुबईत वेल्डिंग करणारा साहेबराव दोन वर्षांनी गावी निघाला, तेव्हा विमानतळावर नवंच फाटक बसवलेलं होतं. अंगठा टेकवला की ते आपसूक उघडायचं. त्यानं टेकवला, तर लाल दिवा लागला.

"तुम तो अभी निकल गया," पडद्याकडे बघत शिपाई म्हणाला. मग मशीनला शिवी हासडून त्यानं साहेबरावाला बाजूनं सोडलं.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी साहेबराव भांडगावात जीपमधून उतरला. घराची पायरी ओली होती. कडेला ओवाळून टाकलेला भाकरतुकडा पडला होता, अजून मुंग्याही न लागलेला.

"आई, मी आलोय."

चांगुणाबाईला दिसत नव्हतं. ती माणूस हातानं ओळखायची. तिनं त्याचा अंगठा चाचपला, विळ्याचा जुना वण शोधला आणि हात झटकन सोडला.

"माझा साहेबराव तर मघाशीच आलाय. तू कोण रं?"

त्यानं अंगठा उन्हात धरला. वण नव्हता. एक रेघसुद्धा नव्हती.

"आई, कोण आलंय गं?" आतून त्याच्याच आवाजात कुणीतरी विचारलं.

"कुणी न्हाई रं. तू जेव," म्हणत तिनं आतून कडी घातली.