बेटावरची म्हातारी

रिसोडच्या बाजारात मेथी विकून दमलेली गोजराबाई ओट्यावर टेकली, तोच मिलिटरीतल्या लेकाचा, सार्थकचा, फोन आला. तो दूर समुद्रातल्या एका बेटावर होता. फौजेच्या सरावासाठी तिथली वस्ती कधीच उठवली होती. आज त्याचा आवाज पार उतरलेला होता.

"आई, एक म्हातारी होडीनं आली होती, तिचं इथलं पडकं घर पाहाले. इथं यायची मनाई हाये, म्हून मीच तिले वापस धाडलं."

गोजराबाई म्हणाली, "एवढ्या उन्हाची आली बिचारी. पानी तरी पाजलं का तिले?"



"तिनंच मले नारळपानी पाजलं, आई. म्हने, माह्या घरी आलेला मानूस तसाच कसा जाईन?"