हातचलाखी

वैमानिक कितीही जुना असला तरी त्याला ठराविक दिवसांनी पुन्हा शिकावं लागतं. मोठ्या कंपन्या त्यासाठी माणसं सिम्युलेटरवर पाठवतात. आमच्याकडे विमान एकच आणि वैमानिक दोघंच, मी आणि कॅप्टनकाका. मालकांनी तर निकालच लावला होता, "खरं विमान दारात उभं असताना खोट्यात बसून काय शिकायचं?"

काकांचं आयतंच फावलं. विमान माझ्या हातात असलं की गप्पा मारता मारता ते एका इंजिनाचा थ्रॉटल, म्हणजे ताकद कमी-जास्त करायचा दांडा, हळूच मागे ओढायचे. "इंजिन गेलं. आता कर काय करायचं ते!" असं म्हणून वर मिशीला पीळ द्यायचे. या छळाची मला इतकी सवय झाली की मी दचकायचंसुद्धा सोडून दिलं.

आज मालक स्वतः मागे बसले होते. ढगांच्या वर पोचलो आणि डाव्या इंजिनाने मान टाकली. मी नेहमीसारखं सगळं यथासांग केलं, विमान सरळ धरलं आणि समोरून नजर न हटवता म्हणालो, "काका, आज तरी खोड्या नकोत. मालक बसलेत."

मालक भलतेच खूश. मागून टाळ्या वाजवत म्हणाले, "असू दे, असू दे! अगदी खऱ्यासारखं वाटतं हो!"



"मालक, आधी पट्टा बांधा," काका म्हणाले. "माझ्या एका हातात चहा आहे, दुसऱ्यात बिस्कीट."