परस्पर

सरकारी शाळेत रोज एकाच धर्माची प्रार्थना व्हायची. दुसऱ्या धर्माची तीन मुलं तेवढा वेळ चित्रकलेच्या बाईंच्या वर्गात बसायची. ही सोय मुख्याध्यापिकेनेच, म्हणजे बाईंच्या थोरल्या बहिणीने करून दिली होती. ही मुलं प्रार्थना टाळतात अशी इतर पालकांनी तक्रार केल्यावर शिक्षणखात्याचे साहेब चौकशीला आले. “परवानगी कोणी दिली?” त्यांनी विचारलं. ताई शांतपणे म्हणाली, “मला काहीच कल्पना नव्हती, साहेब. हिने परस्पर केलं.” बाईंच्या पर्समध्ये ताईच्या सहीची परवानगीची चिठ्ठी होती; पण तिच्या निवृत्तीला सहाच महिने उरले होते, म्हणून त्यांनी ती बाहेर काढली नाही. “उद्यापासून तिघंही रांगेत हात जोडून उभी राहतील,” ताईने वर सांगितलं. तेव्हा मात्र बाईंनी चिठ्ठी साहेबांपुढे ठेवली. “सख्खी बहीण असून केसाने गळा कापलास,” ताई म्हणाली, आणि तिला ते मनापासून वाटत होतं.